हात फिरला, हिशेब राहिला

ऑस्टिओपॅथीचं शिबिर लागलं की मंगल कार्यालयाच्या दारात चपलांचा ढीग पडतो. लातूर असो, परळी असो की जालना, पत्रकावरचा मजकूर साधारण तोच: औषध नाही, ऑपरेशन नाही, मान, मणका, गुडघा, खांदा, सायटिका, सगळ्यावर फक्त हाताने उपचार. रुग्णाला गादीवर पालथं झोपवतात, कमरेवर तळहात रोवून एक झटका देतात, कट्ट आवाज होतो आणि माणूस उठून म्हणतो, ‘हलकं वाटायलंय.’ भरवणारे बहुधा गावातलीच मंडळं, व्यापारी संघटना किंवा एखादं देवस्थान. पैसे नाममात्र, कधी तेवढेही नाहीत. हे सगळं थोतांड आहे असं एका दमात सांगून मोकळे होणारे डॉक्टर मला भेटतात, तसेच हेच खरं शास्त्र आणि दवाखाना म्हणजे निव्वळ धंदा, असं छातीठोक सांगणारे रुग्णही भेटतात. दोघांनाही माझा एकच प्रश्न असतो: त्या गादीवरून उठलेल्या माणसाला तीन महिन्यांनी कुणी फोन करून विचारलं का, की बाबा, कंबर कशी आहे?

विचारलेलं नसतं. शिबिरवाल्यांनीही नाही आणि थोतांड म्हणणाऱ्यांनीही नाही.

हाताने करायच्या उपचारांवर जगात भरपूर संशोधन झालेलं आहे. त्यातून निघालेलं उत्तर शिबिराच्या पत्रकाइतकं मोठं नाही, पण डॉक्टरांच्या तुच्छतेइतकं शून्यही नाही. मात्र ते संशोधन ज्या शरीरांवर झालं, त्यांतली फार थोडी ऊस तोडायला, कापूस वेचायला, सोयाबीन काढायला वाकणारी होती. मराठवाड्याच्या कमरेचा अभ्यास मराठवाड्यालाच करावा लागेल, तोही इथल्या सरकारी आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांतून, सार्वजनिक पैशावर. आणि तो होईपर्यंत हाताच्या उपचाराला मुभा द्यावी, हाताच्या नावाने होणाऱ्या दाव्यांना देऊ नये, असं माझं मत आहे.

ऑस्टिओपॅथी जन्मली तीच डॉक्टरकीवरच्या रागातून. अँड्र्यू टेलर स्टिल हा अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत फिरणारा वैद्य. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्याची तीन मुलं गेली. त्या काळच्या डॉक्टरांच्या पेटीत असायचं काय? पाऱ्याचं कॅलोमेल, अफू, दारू आणि रक्त काढायचं हत्यार. स्टिलचा त्या पेटीवरचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्याने जाहीर केलं की रोगाचं मूळ हाडा-सांध्यांच्या बिघडलेल्या ठेवणीत आहे. ती हाताने नीट केली की रक्त मोकळं वाहतं आणि शरीर स्वतःला बरं करतं. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात त्याची शाळा निघाली. तीन वर्षांनी डॅनियल डेव्हिड पामरने आयोवात कायरोप्रॅक्टिक सुरू केलं. हल्ली मोबाइलवर माना मोडतानाचे जे व्हिडिओ फिरतात, ते या दुसऱ्या घराण्याचे. सगळ्या रोगांची किल्ली मणक्यात आहे, हा स्टिलचा सिद्धांत टिकला नाही. पण त्याचा राग अनाठायी नव्हता. त्याच्या काळातली कितीतरी औषधं रोगापेक्षा घातक होती.

आपल्याकडे शिबिराला गर्दी करणारा माणूससुद्धा अडाणी म्हणून जात नाही. तालुक्याच्या दवाखान्यात त्याला दोन मिनिटं मिळालेली असतात. एक्स-रेकडे बोट दाखवून ‘मणक्यात गॅप आहे’ एवढं सांगितलेलं असतं, गोळ्या आणि पट्टा लिहून दिलेला असतो, आणि जिल्ह्याच्या गावी कुणीतरी ऑपरेशनचा आकडा सांगितलेला असतो. या सगळ्या प्रवासात त्याच्या दुखऱ्या कमरेला एकाही माणसाचा हात लागलेला नसतो. शिबिरात तो लागतो. डॉक्टर मंडळींनी शिबिरांवर टीका करण्याआधी हे जरा मनावर घ्यावं.

तसा आपला हात स्टिलच्या भरवशावर कधीच नव्हता. कमरेत उसण भरली की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस शोधायचा आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा. हाताचा सांधा निखळला तर तालमीतला वस्ताद, हाड मोडलं तर हाडवैद्य, त्याच्या बांबूच्या कामट्या आणि लेप. न्हाव्याकडे दाढी झाली की मान दोन्ही बाजूंना कडकन मोडून घ्यायची, तीही फुकट. (बाळंतपणं दवाखान्यात आणि पायाळू मुलं सिझेरियनने व्हायला लागल्यापासून खात्रीचे पायाळू लोक सापडणं अवघड झालं असणार. त्यामुळे उसण भरणाऱ्यांची संख्या वाढली, असं मात्र कुणी सांगितलेलं नाही.)

उसणीचा गुण असा की ती बहुतेकदा आपोआप जाते. ताजी कंबरदुखी बहुसंख्य लोकांत काही दिवसांत ते सहा आठवड्यांत बरीच ओसरते, मग काही करा वा न करा. माणूस उपचाराला धावतो तेव्हा दुखणं टोकाला गेलेलं असतं. तिथून पुढे ते उतरणारच असतं. म्हणजे त्या वेळी जो कोणी हाताशी असेल त्याला यश मिळतं: पायाळूला, वस्तादाला, शिबिरातल्या तज्ज्ञाला आणि हो, डायक्लोफेनॅकचं वेदनाशामक इंजेक्शन देणाऱ्या एमबीबीएसलाही. ‘मला गुण आला’ हे वाक्य खोटं नसतं. तो गुण कशाने आला, हे मात्र त्या वाक्यातून कळत नाही. ते कळायला तुलना लागते, आणि तुलना करायची म्हणजे काही लोकांना हाताचा उपचार द्यायचा, काहींना दुसरा, कुणाला काय हे चिठ्ठी टाकून ठरवायचं आणि मग सगळ्यांचा महिनोन् महिने पाठपुरावा करायचा.

अशा चाचण्या झाल्या आहेत. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आले. कंबरदुखीचे १,३३४ रुग्ण होते, आणि विशेष म्हणजे ऑस्टिओपॅथ, कायरोप्रॅक्टर आणि फिजिओथेरपिस्ट या एरवी एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहणाऱ्या तिन्ही मंडळींनी मिळून उपचाराचा एक साचा ठरवला होता. नेहमीच्या डॉक्टरी सल्ल्याला हाताच्या उपचाराची जोड दिली तर तीन महिन्यांनी थोडा ते मध्यम फायदा दिसला, वर्षाने तो थोडाच उरला. जोडीला व्यायाम असला की जरा बरा. २०१७ मध्ये जामा या नियतकालिकात ताज्या कंबरदुखीवरच्या २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला: सहा आठवड्यांपर्यंत, वेदनेच्या शंभर गुणांच्या मापावर सुमारे दहा गुणांचा उतार. जुनाट कंबरदुखीचा तसाच आढावा २०१९ मध्ये आला. त्यात ४७ चाचण्या आणि नऊ हजारांहून जास्त रुग्ण होते. निष्कर्ष असा की हाताचा उपचार व्यायामासारख्या शिफारस झालेल्या उपचारांच्या बरोबरीचा आहे, त्यांच्या पुढचा नाही.

सगळ्यात बोलकी चाचणी फ्रान्सची, २०२१ ची. चारशे रुग्ण. निम्म्यांना ऑस्टिओपॅथीचा खरा उपचार दिला. उरलेल्यांना तसाच वेळ, तसंच टेबल, तसाच हात, पण निव्वळ हलका स्पर्श. तीन महिन्यांनी रोजच्या हालचालींच्या शंभराच्या मापावर दोन गटांत फरक निघाला साडेतीन गुणांच्या आसपास. आकडेशास्त्राच्या कसोटीला तो उतरला, पण जगताना जाणवेल एवढा नव्हता. वेदनेत तर ठोस फरक दिसलाच नाही.

मी यातून काढतो तो अर्थ असा: या उपचारात स्पर्शाचा, धीर मिळण्याचा, ‘वाकलो तर मोडेन’ ही भीती जाण्याचा वाटा मोठा आहे, विशिष्ट तंत्राचा लहान. शिबिरवाल्यांना हे रुचणार नाही, कारण त्यांचं सगळं दुकान तंत्रावर उभं आहे. मला स्वतःला यात कमीपणा दिसत नाही. धीर आणि स्पर्श ही काही फुकटची गोष्ट नव्हे. सरकारी बाह्यरुग्ण विभागात ती आज पैसे देऊनही मिळत नाही.

तंत्राच्या दाव्यांपैकी एक मात्र सोडून देता येत नाही, कारण त्यातून माणसं आयुष्यभराची घाबरतात. तो म्हणजे हाड किंवा दोन मणक्यांमधली गादी ‘जागेवर बसवण्याचा’. तो कट्ट आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम उतरला की त्यात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोट मोडताना चालू एमआरआयमध्ये ही पोकळी तयार होताना टिपली. त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, स्वीडनमध्ये कमरेच्या खालच्या सांध्याला झटका देण्याआधी आणि दिल्यानंतर अतिशय सूक्ष्म मोजमाप करून पाहिलं होतं. तपासणाऱ्या हातांना सांधा बसल्यासारखा वाटला. मापात हाड हललेलंच नव्हतं. आणि ज्या ‘गॅप’च्या नावाने माणूस धास्तावलेला असतो, ती? ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसत होती, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. झीज म्हणजे मणक्याला आलेले पांढरे केस. पन्नाशीच्या शेतकऱ्याला स्कॅन दाखवून ‘मणके गेले तुमचे’ म्हणणारा डॉक्टर आणि तीच गॅप भरून देतो म्हणणारा शिबिरवाला, दोघे एकाच भीतीवर जगतात.

हातांना तंत्र नसतंच असंही नाही. जन्मतः आत वळलेलं पाऊल, म्हणजे क्लबफूट, सरळ करायची पद्धत आयोवाच्या इग्नासिओ पोन्सेटी यांनी बसवली. बाळाचं पाऊल हाताने, जोर न लावता, ठरलेल्या क्रमाने थोडं थोडं वळवायचं आणि दर आठवड्याला प्लास्टर घालायचं. पाच-सहा प्लास्टरांनंतर बहुधा टाचेमागच्या घोडशिरेला (स्नायूच्या दोरीला) एक छोटा छेद आणि पुढे काही वर्षं रात्रीचे बूट. शल्यचिकित्सकांनी कित्येक वर्षं या पद्धतीकडे दुर्लक्षच केलं. मग १९९५ मध्ये पोन्सेटींच्या जुन्या रुग्णांचा तीस वर्षांनंतरचा हिशेब छापून आला: ७८ टक्क्यांची पावलं चांगली किंवा उत्तम. आज सरकारी दवाखान्यांतही हीच पद्धत वापरतात आणि मोठी शस्त्रक्रिया मागे पडली आहे. पाऊल हाताने सरळ झालं होतं, पण जगाला पटलं ते तीस वर्षं जपलेल्या नोंदींमुळे. कुशीवर वळलं की गरगरणाऱ्या चक्करेवर जॉन एप्ली यांची डोकं ठरावीक कोनांत फिरवण्याची युक्ती आहे, तीही अशीच तपासून मान्य झाली; अनेकांची चक्कर एका बैठकीत थांबते. गुडघेदुखीवर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या १५६ रुग्णांच्या चाचणीत हाताचा उपचार आणि व्यायाम असलेल्या फिजिओथेरपीचा गट वर्षाअखेरीस सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्या गटापेक्षा बरा निघाला. आपल्याकडे गुडघ्यात सुई मारून घ्यायला जी रांग असते, तिने हे ऐकायला हवं. उलट दिशेची उदाहरणंही आहेत. कवटीच्या हाडांची ‘लय’ बोटांनी ओळखतो म्हणणाऱ्या उपचारकांची परीक्षा घेतली, तर एकाच रुग्णावर दोघांची बोटं दोन वेगळ्या लयी सांगत होती.

‘लोकांना बरं वाटतंय ना, मग तुमचं काय बिघडतं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बिघडतं ते क्षयात. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि क्षय फक्त फुप्फुसाला होत नाही, मणक्यालाही होतो. सुरुवातीला दिसते ती नुसती पाठदुखी. रात्री जास्त दुखतं, बारीक ताप येतो, वजन उतरतं, भूक मरते. जंतूंनी पोखरलेल्या मणक्यावर शिबिरातला एक जोरकस झटका बसला तर तो मणका खचून मज्जारज्जू दबू शकतो आणि चालत आलेल्या माणसाचे पाय कायमचे जाऊ शकतात. औषधाने बरा होणारा रोग हाताने अपंगत्वापर्यंत जातो. तीच गोष्ट कर्करोगाने पोखरलेल्या हाडाची आणि उतारवयात विरळ झालेल्या मणक्यांची. दोन्ही पायांत बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी स्पर्श न कळणं, ही लक्षणं असतील तर ती तासांत शस्त्रक्रियेची वेळ असते. तिथे चोळत बसणं म्हणजे ती वेळ घालवणं. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी धमनी फाटल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. त्या विरळ आहेत, आणि झटक्यानेच ती फाटली की आधीच फाटत असल्यामुळे मान दुखून माणूस झटका घ्यायला गेला, यावर वाद आहे. पण एवढ्या किरकोळ फायद्यासाठी मान का मोडून घ्यायची, हे मला कळत नाही. दाढी झाल्यावर न्हाव्याला नको म्हणायला फार धैर्य लागत नाही.

शिबिरात गर्दी शेकड्यांनी असते. ताप येतो का, वजन उतरलं का, लघवीचं कसं आहे, हे तीन प्रश्न विचारायला मिनिटभर लागतं. पत्रकावर त्या मिनिटाची जाहिरात मी कधी पाहिलेली नाही.

आता ज्यांच्या कमरेसाठी हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायची असते. पहाटे फडात उतरायचं, कमरेतून वाकून बुडख्याशी ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर किंवा ट्रॉलीत चढवायची. गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री भरायची. एक दिवस बसलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापतात. म्हणून बसायचं नाही, गोळी खायची. उन्हात, पुरेसं पाणी न पिता, महिनोन् महिने खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला काय करतात, हे वेगळं सांगायला नको.

खाडा टाळायला बायांनी याहून मोठी किंमत दिली आहे. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यांतल्या अनेकींचं दुखणं पोटाचं, कमरेचं, पांढऱ्या पाण्याचं होतं. काढून टाकण्याच्या आधी करता येण्यासारखं काय काय होतं, हा प्रश्न तेव्हाही पुरेसा विचारला गेला नाही.

अशा बाईच्या कमरेला ते जागतिक संशोधन लावून पाहा. कंबरदुखीच्या चाचण्यांत सर्रास वापरली जाणारी रोलंड-मॉरिस प्रश्नावली १९८३ ची, ब्रिटनमधली. तिच्यात २४ विधानं आहेत. लागू असेल त्यावर खूण करायची. कंबरेमुळे मी बहुतेक वेळ घरातच असतो. जिना चढताना कठड्याला धरतो. नेहमीपेक्षा जास्त वेळा आडवा होतो. घरातली जड कामं टाळतो. आता सांगा, पाचटाच्या कोपीत राहणारी बाई यातल्या कशावर खूण करणार? जिना नाही, कठडा नाही. घरात बसून राहायची सोय नाही, आडवं व्हायची मुभा नाही, जड काम टाळायचा तर प्रश्नच नाही. कमरेतून कळ पायापर्यंत जात असताना ती मोळी उचलते, आणि प्रश्नावलीत तिचे गुण धडधाकट माणसाचे येतात. ज्याला काम टाळता येतं त्याचं दुखणं या मापात दिसतं. जिला टाळता येत नाही तिचं दिसत नाही. हे माप जसंच्या तसं उचलून इथे संशोधन केलं, तर मराठवाड्यातल्या सगळ्यात जास्त राबणाऱ्या कंबरा कागदावर सगळ्यात निरोगी निघतील.

म्हणून पहिलं काम नव्या मापाचं. आज किती मोळ्या उचलल्या? कितव्या मोळीला कळ आली? गोळी किती वेळा घेतली? रात्री कुशी बदलताना जाग येते का? पाण्याचा हंडा डोक्यावर चढवायला कुणाचा हात लागतो का? कापूस वेचणारीसाठी यातले काही प्रश्न बदलतील, दिवसभर खड्ड्यांतून मोटारसायकल हाकणाऱ्या सेल्समनसाठी आणखी काही. हे प्रश्न नाशिक किंवा मुंबईत बसून लिहिता येणार नाहीत. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय ग्रामीण भागासाठी म्हणूनच उभं राहिलं. ते ऊसतोड्यांच्या गावांच्या मधोमध आहे. लातूरला, नांदेडला, संभाजीनगरच्या घाटीत सरकारी महाविद्यालयं आहेत. लातूर आणि संभाजीनगरात फिजिओथेरपीचं शिक्षणही मिळतं. माणसं आहेत, रुग्ण तर आहेतच आहेत.

सध्या तिथे संशोधनाच्या नावाखाली होतं काय, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध. दोन तंत्रांची तुलना, तीस-चाळीस रुग्ण, दोन-चार आठवडे, दोन्ही गटांना फरक, पदवी मिळाली, प्रबंध कपाटात. इतक्या लहान संख्येतून आणि इतक्या थोड्या काळात काही सिद्ध होत नाही, हे मार्गदर्शकांनाही ठाऊक असतं. चार महाविद्यालयांनी एकच प्रश्न वाटून घेतला, एकच माप वापरलं आणि सलग तीन तुकड्यांनी तोच अभ्यास पुढे नेला, तर पाचशे-सहाशे माणसांचा, पूर्ण हंगामाचा हिशेब हाताशी येईल. अशा चाचणीची आगाऊ नोंदणी करायला आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची नोंदवही २००७ पासून उपलब्ध आहे. निकाल मनासारखा नाही आला तरी मग तो लपवता येत नाही. पैसा मात्र सरकारनेच घालायला हवा. गोळीच्या चाचणीला कंपनी पैसे देते. हाताचं पेटंट निघत नाही, त्यामुळे त्यामागे कंपनी उभी राहत नाही.

प्रश्नही सरळ ठेवावा. खोटा उपचार विरुद्ध खरा उपचार हे कोडं फ्रान्समध्ये बऱ्यापैकी सुटलं आहे, ते आपण पुन्हा सोडवायला नको. एका गटाला आज मिळतं तेच, म्हणजे गोळ्या आणि पट्टा. दुसऱ्याला समजावून सांगणं आणि व्यायाम. तिसऱ्याला समजावणं, व्यायाम आणि हाताचा उपचार. हंगामाआधी गावात काही बैठका, हंगामात फोनवर विचारपूस, चैत्रात माणसं परतली की पुन्हा तपासणी. खाडे किती पडले, गोळ्या किती लागल्या, पुढच्या वर्षी कोयता उचलता आला का, एवढं कळलं तरी पुष्कळ. माझा अंदाज असा की हाताने पडणारा फरक लहानच निघेल. गोळ्या कमी होण्यातला फरक कदाचित मोठा निघेल. अंदाज चुकला तर उत्तमच, तेवढ्यासाठीच तर मोजायचं.

फिजिओथेरपी विभागांनी हा लेख आपल्या बाजूचा समजून घाईने पुढे पाठवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्णशिक्षण, व्यायाम, मसाज आणि मणक्यावरचा हाताचा उपचार यांना त्यांत जागा आहे. ज्यांना नाही, त्यांत कंबर ताणून धरायचं ट्रॅक्शन आहे, ध्वनिलहरींचा अल्ट्रासाउंड शेक आहे, विजेच्या बारीक झटक्यांचं टेन्स मशीन आहे आणि कमरेचा पट्टाही आहे. आता आपल्या फिजिओथेरपी ओपीडीत जाऊन बघा: रुग्ण पालथा, पाठीवर पॅड, मशीन वीस मिनिटांवर लावलेलं आणि थेरपिस्ट पुढच्या खोलीत. शिबिरवाला निदान हात तरी लावतो. आणि पट्ट्याबद्दल तर काय बोलावं? मेडिकलच्या दुकानात तो खोकल्याच्या औषधासारखा विकला जातो, आणि एकदा बांधला की माणूस वर्षानुवर्षं सोडत नाही.

हाडवैद्याला आणि शिबिराला बंदी घालावी असं मी म्हणणार नाही. बंदीने माणूस हाडवैद्याकडे जायचा थांबत नाही, फक्त सांगायचा थांबतो. ब्रिटिश शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी १८६७ मध्येच आपल्या विद्यार्थ्यांना हाडवैद्य बरे करतात त्या रुग्णांवर व्याख्यान दिलं होतं: त्यांचं चांगलं ते शिका, वाईट ते टाळा. दीडशेहून जास्त वर्षं झाली त्याला. पुढे त्याच देशाने १९९३ मध्ये कायदा करून ऑस्टिओपॅथांची नोंदवही केली. नोंद नसलेल्याला तिथे ते नाव लावता येत नाही. आपल्याकडे ऑस्टिओपॅथांची अशी स्वतंत्र वैधानिक नोंदवही नाही. फिजिओथेरपिस्टांसाठी राज्याची परिषद आणि २०२१ चा केंद्रीय कायदा आहे. शिबिरातला पाहुणा या कशातच बसत नाही. तो येतो, दोन दिवस झटके देतो आणि पुढच्या गावाला जातो.

केंद्रीय कायद्याची वाट न बघता जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना करता येण्याजोगं थोडंफार आहे. शिबिराला परवानगी देताना तीन अटी घालाव्यात. धोक्याच्या लक्षणांची तपासणी करणारा एक नोंदणीकृत डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट दारातच बसलेला असावा, आणि संशयित क्षयरुग्ण थेट तपासणीला पाठवावा. मानेला झटका देऊ नये. आणि आलेल्या प्रत्येकाचं नाव, दुखणं आणि फोन नंबर लिहून घेऊन, रुग्णाच्या संमतीने, ती वही जवळच्या फिजिओथेरपी महाविद्यालयाला द्यावी. तीन महिन्यांनी विद्यार्थी फोन करतील. खरंच गुण येत असेल तर या तिसऱ्या अटीला शिबिरवाल्यांनी हरकत घ्यायचं कारण नाही. उलट इतकी वर्षं जी पावती त्यांना कुणी दिली नाही ती मिळेल. हाडवैद्यांसाठी कामटी किती घट्ट बांधायची, बोटं काळी-निळी पडली की ती लगेच सोडायची आणि कुठला रुग्ण हात न लावता पाठवून द्यायचा, एवढं शिकवणारं एका दिवसाचं प्रशिक्षण ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतं. घट्ट बांधलेल्या कामट्यांखाली सडलेले हात अस्थिरोग विभागांनी पुष्कळ पाहिले आहेत.

एक अडचण मात्र आधीच ओळखून ठेवावी लागेल. ऊसतोड्यांवरच्या अभ्यासात संमती कुणाची घ्यायची? मुकादमाला विचारलं तर तो अख्खी टोळी आणून उभी करील, आणि मग नाही म्हणायची मुभा कुणालाच उरणार नाही. कुणाची कंबर किती गेली आहे, ही नोंद त्याच्या हाती पडली तर पुढच्या वर्षी त्या कोयत्याची उचल कमी होईल किंवा बंदच होईल. तेव्हा संमती गावात, हंगामाआधी, बाईची बाईकडे आणि नवऱ्याची वेगळी घ्यावी लागेल. नोंदी महाविद्यालयातच राहाव्या लागतील. आणि त्या कुठल्याही परिस्थितीत कारखान्याला किंवा मुकादमाला दिसणार नाहीत हे नीतिसमितीने लेखी द्यावं लागेल. टोळ्या दसऱ्यानंतर हलतात. म्हणजे माप तयार करणं, ते गावात वाचून दाखवून तपासणं, समितीची मंजुरी आणि विद्यार्थ्यांची तयारी, हे सगळं भाद्रपद संपायच्या आत उरकलेलं असायला हवं.